शिंकेल यांना नक्कलकार म्हणणे अन्यायाचे आहे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत बर्लिनच्या संग्रहालय बेटावर आलेला सचित्र लेख मी दोनदा वाचला. मराठी वृत्तपत्रात युरोपीय वास्तुकलेला एवढी जागा क्वचितच मिळते आणि त्याबद्दल मी आपली मनापासून आभारी आहे. मात्र कार्ल फ्रीडरिश शिंकेल यांचा उल्लेख त्या लेखात ‘प्रशियाच्या राजासाठी ग्रीक मंदिरांच्या नकला उभारणारे दरबारी वास्तुविशारद’ अशा एका ओळीत उरकला आहे, आणि सोबतच्या छायाचित्रातील इमारतीला संग्रहालय म्हणणारी, त्याखालील ओळही चुकली आहे. तीस वर्षे वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांना इतिहास शिकवताना ज्या माणसाकडे मी पुन्हा पुन्हा वळले, त्याच्याविषयी एवढे अपुरे विधान वाचून गप्प राहवेना, म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते नेहमीच्या पत्रांपेक्षा लांबले आहे, याची मला जाणीव आहे.

शिंकेल यांचा जन्म १३ मार्च १७८१ रोजी बर्लिनच्या वायव्येला असलेल्या नॉयरुप्पीन या गावी, एका धर्मोपदेशकाच्या घरी झाला. ते सहा वर्षांचे असताना, ऑगस्ट १७८७ मध्ये, त्या गावाला मोठी आग लागली आणि गावाचा बहुतांश भाग जळाला. आग विझवण्याच्या धावपळीनंतर वडील आजारी पडले आणि दगावले. आई मुलांना घेऊन धर्मोपदेशकांच्या विधवांसाठी असलेल्या घरात राहू लागली. गाव पुन्हा सरळ, रुंद रस्त्यांनी आखून बांधले गेले, ते या मुलाच्या डोळ्यांदेखत. जळालेल्या गावाची नव्याने मांडणी होताना पाहत वाढलेल्या मुलाला बांधकाम म्हणजे केवळ शोभा वाटणे शक्य नव्हते, असे मला नेहमी वाटत आले आहे. अर्थात हा माझा तर्क आहे.

१७९४ मध्ये कुटुंब बर्लिनला आले. तीन वर्षांनी तिथल्या कला अकादमीच्या प्रदर्शनात फ्रीडरिश गिली या तरुण वास्तुविशारदाने फ्रेडरिक द ग्रेट यांच्या स्मारकासाठी केलेले रेखाचित्र शिंकेल यांनी पाहिले आणि आपल्याला काय व्हायचे आहे ते त्यांना उमगले. शाळा अर्धवट सोडून ते गिली पिता-पुत्रांचे विद्यार्थी झाले. फ्रीडरिश गिली १८०० मध्ये अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी गेले, त्याच वर्षी शिंकेल यांची आईही गेली. एकोणीस वर्षांच्या या मुलाने पोट्सडामच्या एका टेकडीवर पोमोना देवीच्या नावाने लहानसा मंडप बांधला, हे त्यांचे पहिले काम. १८०३ ते १८०५ या काळात ते व्हिएन्ना, ट्रिएस्ट, रोम, नेपल्स, सिसिली असे हिंडले. मुख्य म्हणजे या प्रवासात त्यांनी केवळ प्राचीन मंदिरे न्याहाळली नाहीत; इटलीतील साधी शेतघरे आणि मध्ययुगातील विटांच्या इमारतींकडेही त्यांनी तितक्याच आस्थेने पाहिले. नक्कल करायला निघालेला माणूस शेतकऱ्याच्या घराची आखणी वहीत उतरवून घेत नाही.

परत आल्यावर लगेचच, १८०६ मध्ये, प्रशियाचा पराभव होऊन नेपोलियनचे सैन्य बर्लिनमध्ये शिरले. बांधकामे थांबली. पुढची जवळजवळ दहा वर्षे शिंकेल यांनी चित्रे काढून, तिकीट लावून दाखवल्या जाणाऱ्या प्रचंड देखाव्यांचे पडदे रंगवून आणि लाकडी सामानाचे आराखडे करून निभावली. राणी लुईझे यांच्यासाठी त्यांनी आखलेला पेअरच्या लाकडाचा पलंग अजूनही शार्लोटेनबुर्ग राजवाड्यात आहे. १८१० मध्ये विल्हेल्म फॉन हुम्बोल्ट यांच्या शिफारशीने ते सरकारी बांधकाम विभागात अधिकारी म्हणून लागले. १८१३ मध्ये नेपोलियनविरुद्धच्या युद्धात शौर्यासाठी राजाने जो लोखंडी क्रॉस सुरू केला, त्याचा आराखडाही शिंकेल यांचाच. मोझार्टच्या ‘मॅजिक फ्लूट’ या संगीत नाटकासाठी त्यांनी १८१६ मध्ये केलेला ताऱ्यांच्या घुमटाखाली चंद्रकोरीवर उभ्या रजनीराणीचा देखावा तर आजही छापला जातो.

आता दरबारी असण्याचा मुद्दा. शिंकेल यांनी राजघराण्यासाठी कामे केली, हे खरे आहे. युवराजासाठी पोट्सडामला बांधलेला शार्लोटेनहोफ हा लहानसा वाडा त्यांतच येतो आणि त्या बागेत सकाळच्या उन्हात फिरताना मला जे समाधान मिळाले ते शब्दांत सांगता येणार नाही. पण त्यांच्या कामाचा फार मोठा भाग सरकारी नोकरीतला होता. प्रशियाच्या प्रांतोप्रांतींचे महत्त्वाचे आराखडे तपासणीसाठी त्यांच्या विभागाकडे येत, ते दुरुस्त करून परत जात, आणि या तपासणीत चर्च, शाळा, दीपगृह असे काहीच वर्ज्य नसे. १८३० मध्ये ते या खात्याचे प्रमुख झाले. १८१५ मध्येच त्यांनी देशातील जुन्या वास्तू आणि पुरातन वस्तू जतन करण्याविषयी सरकारला सविस्तर टिपण दिले होते. वास्तू एकदा हातची गेली की गेलीच, तेव्हा त्यांची नोंद करा, त्यांच्यासाठी जबाबदार मंडळे नेमा, असा त्याचा आशय होता. जर्मनीतील वारसा संरक्षणाची सुरुवात पुष्कळ अभ्यासक या टिपणापासून धरतात. कोलोनचे मध्ययुगीन चर्च तेव्हा शतकानुशतके अर्धवट पडून होते. त्याची पाहणी करून अहवाल देणारेही तेच. ज्याला फक्त ग्रीकच सुंदर दिसते, तो गॉथिक चर्चच्या अवशेषांसाठी इतका झटत नाही.

आणि पैसा! युद्धाने प्रशियाची तिजोरी रिकामी झाली होती, ही गोष्ट शिंकेल यांच्याविषयी बोलताना सगळ्यांत आधी सांगायला हवी. १८१७ मध्ये गेंडार्मेनमार्क्ट चौकातील नाट्यगृह जळाले, तेव्हा नवे बांधताना जुन्या भिंतींचे उरलेले भाग आणि दर्शनी खांब वापरलेच पाहिजेत, अशी त्यांना अट होती. ती पाळून त्यांनी १८१८ ते १८२१ या काळात असे नाट्यगृह उभे केले, की त्या भिंती कुणाच्या तरी उष्ट्या आहेत असे पाहणाऱ्याच्या मनातही येऊ नये. भिंती त्यांनी चौकोनी खांबांच्या आणि खिडक्यांच्या जाळीसारख्या मोकळ्या केल्या; तशी रचना ग्रीकांच्या कोणत्याही नाट्यगृहात नव्हती. १८ जून १८२१ रोजी कार्ल मारिया फॉन वेबर यांच्या ‘डेर फ्रायशुट्झ’ या संगीत नाटकाचा पहिला प्रयोग याच रंगमंचावर झाला. दुसऱ्या महायुद्धात ही इमारत आतून जळून गेली. ती १९८४ मध्ये संगीतगृह म्हणून पुन्हा उघडली. आतली रचना आता बदललेली असली, तरी बाहेरून शिंकेल जसेच्या तसे भेटतात.

आपण छापलेले छायाचित्र ज्या इमारतीचे आहे ती म्हणजे ‘नॉये वाखे’, म्हणजे राजवाड्याजवळच्या पहारेकऱ्यांची चौकी, १८१६ ते १८१८ मधली. ते संग्रहालय नव्हे. दर्शनी भागात डोरिक पद्धतीचे सहा खांब पाहून ती कुणालाही मंदिर वाटेल, हे मी मान्य करते. पण थोडे थांबून पाहावे. खांबांच्या मागे चार कोपऱ्यांना चार बुरूज असलेला ठोकळा आहे, त्याला रोमन छावणीची आठवण आहे, कारण आत सैनिक राहायचे होते. डोरिक मंदिरात खांबांच्या वरच्या पट्ट्यावर तीन उभ्या रेघांच्या पट्ट्या ओळीने येतात. शिंकेल यांनी त्या काढून टाकल्या आणि तिथे विजयदेवतेच्या लहान मूर्ती बसवल्या. ग्रीक व्याकरण तोंडपाठ असलेल्या माणसाने ते व्याकरण जाणूनबुजून मोडले आहे. नंतरच्या काळात या चौकीचे युद्धस्मारक झाले. १९९३ पासून आत छताच्या गोल झरोक्याखाली केटे कोलविट्झ यांच्या मृत मुलाला कवेत घेतलेल्या आईच्या शिल्पाची मोठी प्रतिकृती आहे, आणि पाऊस किंवा बर्फ पडले की ते थेट तिच्या अंगावर पडते. मी गेले त्या दिवशी पाऊस होता. तिथे कुणीही मोठ्याने बोलत नव्हते.

खऱ्या संग्रहालयाला, म्हणजे आल्टेस म्युझियमला, दर्शनी भागात आयोनिक पद्धतीचे अठरा खांब आहेत, आणि त्यावर त्रिकोणी शिखर नाही. मंदिराची खूण म्हणावी असा तो त्रिकोण शिंकेल यांनी वगळला आहे. प्राचीन ग्रीक शहरांत बाजारचौकाच्या कडेला लांबच लांब खांबांची ओसरी असे, जिथे माणसे उन्हापावसात थांबत, बोलत, व्यवहार करत. शिंकेल यांनी संग्रहालयाला तोंडवळा दिला तो त्या ओसरीचा, म्हणजे नागरिकांच्या जागेचा, देवळाचा नव्हे. समोर राजाचा वाडा होता, बाजूला चर्च होते, शस्त्रागार होते. त्या तिघांच्या बरोबरीने, त्याच चौकाच्या चौथ्या बाजूला, त्यांनी सर्वसामान्य माणसांनी चित्रे आणि शिल्पे पाहण्याची जागा मांडली. त्यासाठी नदीला जोडणारा कालवा बुजवावा लागला आणि हजारो लाकडी खांब जमिनीत ठोकून पाया घ्यावा लागला. इमारत ३ ऑगस्ट १८३० रोजी, राजाच्या वाढदिवशी, लोकांना खुली झाली.

या इमारतीच्या आराखड्यावर झालेला वाद विद्यार्थ्यांना सांगताना मला नेहमी वेळ कमी पडायचा. अलॉइस हिर्ट हे पुराविद्येचे जाणकार त्या समितीत होते. संग्रहालय प्रामुख्याने अभ्यासकांसाठी असावे, मधले घुमटाखालचे वर्तुळाकार दालन आणि समोरची खांबांची ओळ म्हणजे वायफळ खर्च आहे, असा त्यांचा आक्षेप होता. शिंकेल आणि कला-इतिहासकार गुस्ताफ वागेन यांची भूमिका अशी की, लोकांना आधी आनंद झाला पाहिजे, शिकवण मागून येते. बाहेरच्या गजबजाटातून आलेल्या माणसाने लगेच मूर्तींच्या रांगांत शिरू नये, मध्ये एक शांत, उंच, वरून उजेड येणारी जागा असावी, म्हणून ते वर्तुळाकार दालन. रोमच्या पँथिऑनची आठवण त्यात उघड आहे, शिंकेल यांनी ती लपवली नाही. लपवला तो बाहेरून घुमट; तो चौकोनी भिंतीआड असा झाकला आहे की चौकातून दिसतच नाही, कारण शेजारच्या चर्चच्या घुमटाशी त्यांना चढाओढ करायची नव्हती. रोमन नमुना घेऊन त्याचा सर्वांत डौलदार भाग झाकून टाकण्याचा हा विवेक मला फार मोलाचा वाटतो.

पण या इमारतीतील माझी सर्वांत आवडती जागा जिन्याची. खांबांच्या ओळीमागे दुहेरी जिना आहे, तो भिंतीआड कोंडलेला नाही. पायऱ्या चढून वरच्या सज्जात पोचलो की आपण वळतो आणि खांबांच्या दोन रांगांमधून बाग, चौक, शहर दिसते. शिंकेल यांनी स्वतः या जागेचे रेखाचित्र काढून आपल्या आराखड्यांच्या संग्रहात छापले, आणि त्यात माणसे चित्रांकडे तशीच शहराकडेही पाहत उभी आहेत. आत कलाकृती, बाहेर शहर, आणि दोन्हींच्या मधोमध उभा असलेला नागरिक. ग्रीकांनी हे कधी बांधले नव्हते.

१८२६ मध्ये, संग्रहालयाचे काम चालू असतानाच, शिंकेल आपले मित्र पेटर बॉइट यांच्याबरोबर इंग्लंड-स्कॉटलंडला गेले. निमित्त संग्रहालये पाहण्याचे होते. पण त्यांच्या रोजनिशीची पाने भरली ती कापडगिरण्या, लोखंडी छते, गोद्या आणि मेनाय सामुद्रधुनीवरचा नुकताच खुला झालेला झुलता पूल यांनी. मँचेस्टरच्या गिरण्यांची विटांची अवाढव्य, कसलाही वास्तुविचार नसलेली खोकी पाहून ते अस्वस्थ झाले, आणि त्याच वेळी विटांच्या भिंतींत लोखंडी खांब-तुळयांनी किती मोठी जागा झाकता येते, हेही त्यांनी टिपून घेतले. ही अस्वस्थता आणि ही शिकवण घेऊन ते परतले.

त्यातून झाली ती बाउअकाडेमी, म्हणजे बांधकामाचे शिक्षण देणारी शाळा, १८३२ ते १८३६ या काळात बांधलेली. ज्या माणसाला शिंकेल नक्कलकार वाटतात, त्याने या एका इमारतीची जुनी छायाचित्रे पाहावीत. लाल विटांचा जवळजवळ चौरस ठोकळा, प्रत्येक बाजूला आठ सारखे गाळे, आणि चारही बाजू सारख्याच महत्त्वाच्या. त्याला ना ओळीने उभे खांब, ना त्रिकोणी शिखर. आत विटांच्या चपट्या कमानींची छते, त्यांचा भार घेणारे विटांचे स्तंभ, आणि तेच स्तंभ बाहेरच्या भिंतीवर उभ्या पट्ट्यांसारखे दिसतात; म्हणजे आत जे ओझे पेलते तेच बाहेर डोळ्यांना दिसते. गिलावा नाही. विटांच्या रांगांत मधूनमधून झिलई केलेल्या जांभळट विटांचे पट्टे, आणि खिडक्यांखाली भाजलेल्या मातीच्या फलकांवर बांधकलेच्या वाटचालीची शिल्पे. तळमजल्यावर दुकाने काढली होती, म्हणजे भाड्यातून खर्चाला हातभार लागेल. दोन दारांपैकी एक शाळेचे, दुसरे बांधकाम खात्याचे. आणि सर्वांत वरच्या मजल्यावर शिंकेल यांचे स्वतःचे बिऱ्हाड. दरबारी माणूस आपल्या विद्यार्थ्यांच्या वर्गांवर राहायला येतो का? पुढे लुडविग मीस फॅन डेर रोह यांच्यासारख्या आधुनिक वास्तुविशारदांनी शिंकेल यांचे ऋण मानले, ते अशा शिस्तीसाठी.

आणि तरीही शिंकेल यांना केवळ उपयुक्ततेचे पुजारी ठरवणे, ही दुसरी चूक होईल. अपुऱ्या राहिलेल्या आपल्या पाठ्यपुस्तकासाठी लिहिलेल्या टिपणांत त्यांनी स्वतःचीच चूक कबूल केली आहे: एका काळात आपण इमारतीचा विचार निव्वळ तिच्या कामापुरता आणि रचनेपुरता करू लागलो, तेव्हा जे हाती आले ते कोरडे आणि ताठर होते, कारण त्यातून इतिहास आणि काव्य या दोन गोष्टी निसटल्या होत्या. इतिहासाला धरून काम करणे म्हणजे जुने पुन्हा बांधणे नव्हे, तर इतिहास पुढे नेईल असे नवे घडवणे, असेही त्यांनी लिहून ठेवले आहे. हे विचार मी वर्गात दरवर्षी सांगत असे आणि दरवर्षी नव्याने पटत असत.

येथे एक गोष्ट आपल्या वाचकांसाठी मुद्दाम नोंदवते. ज्या विल्हेल्म फॉन हुम्बोल्ट यांनी शिंकेल यांना नोकरी मिळवून दिली, त्यांच्यासाठी शिंकेल यांनी १८२० ते १८२४ मध्ये बर्लिनच्या वायव्येला टेगेल येथील घर नव्याने बांधून दिले. हेच हुम्बोल्ट संस्कृत शिकले, आणि १८२५ व १८२६ मध्ये बर्लिनच्या विज्ञान अकादमीपुढे त्यांनी भगवद्गीतेवर निबंध वाचले. ज्ञानेश्वरीच्या प्रदेशातल्या वाचकाला त्या घराविषयी आपुलकी वाटेल, अशी माझी खात्री आहे.

सप्टेंबर १८४० मध्ये शिंकेल यांना पक्षाघाताचा झटका आला. त्यानंतर वर्षभर अंथरुणाला खिळून ९ ऑक्टोबर १८४१ रोजी त्यांनी त्याच बाउअकाडेमीतील घरात प्राण सोडला. राजाने त्यांची हजारो रेखाचित्रे सरकारसाठी विकत घेतली. इमारतीचे नशीब मात्र वाईट. १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात ती जळाली; पन्नासच्या दशकात पूर्व जर्मन सरकारने दुरुस्ती सुरू केली, ती बरीच पुढेही गेली होती; आणि १९६२ पर्यंत तिथे परराष्ट्र मंत्रालय बांधण्यासाठी ती पाडून टाकण्यात आली. ते मंत्रालयही जर्मनी एक झाल्यावर नव्वदच्या दशकात पाडले गेले. मुलीकडे बर्लिनला गेले होते तेव्हा त्या मोकळ्या जागेवर मी बराच वेळ उभी होते. नमुन्यादाखल विटांत पुन्हा बांधलेला इमारतीचा एकच कोपरा होता, आणि बाकीच्या बाजूंना सांगाड्यावर ताणलेले, खिडक्या छापलेले कापड वाऱ्याने हलत होते. शेजारचे त्यांचेच फ्रीडरिशस्वेर्डर चर्च, गॉथिक धाटणीचे आणि तेही उघड्या विटांचे, तेव्हा बंद होते, कारण अगदी लगत चाललेल्या नव्या बांधकामाने त्याच्या भिंतींना आणि छताला तडे गेले होते. २०२० पासून ते पुन्हा उघडले आहे, ही समाधानाची बाब.

बाउअकाडेमी पुन्हा उभारण्यासाठी जर्मन संसदेच्या अर्थसंकल्प समितीने २०१६ मध्ये ६ कोटी २० लाख युरो मंजूर केले. ती जशीच्या तशी बांधावी की जुन्या मापात नवी इमारत घडवावी, यावर तिथे तेव्हापासून हिरिरीने वाद होत आला आहे. काहींना फक्त बाहेरच्या चार भिंती जुन्यासारख्या हव्या आहेत, आत काँक्रीट चालेल. मला हे पटत नाही. ज्या इमारतीत आतला स्तंभच बाहेरची भिंत घडवतो, तिथे आतून काँक्रीट आणि बाहेरून विटांचा पापुद्रा लावला तर तो शिंकेल यांच्या विचाराच्या नेमका उलट असेल. नवे बांधायचे तर खरे नवे बांधावे. जुने बांधायचे तर विटांच्या कमानींसह, आतून बाहेर बांधावे, मग त्याला कितीही वर्षे लागोत.

आपणांस विनंती इतकीच, की येत्या रविवारी छायाचित्राखालील ओळ दुरुस्त करावी: सहा खांबांची ती ‘नॉये वाखे’ आहे, संग्रहालयाला अठरा खांब आहेत. आणि जागा असल्यास बाउअकाडेमीचे एखादे जुने छायाचित्रही छापावे. युद्धापूर्वीची अशी छायाचित्रे उपलब्ध आहेत.

आपली विश्वासू,
वास्तुकलेची एक निवृत्त अध्यापिका, सांगली